जुनी डिझेल पिकअप घरी दुरुस्त करताना: काम अडलं की काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1998 ची महिंद्राची पिकअप, 2523 सीसीचं एमडीआय इंजिन, सहा-सात वर्षं शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये उभी. इंजिन फिरत नाही, मागची दोन्ही चाकं जाम, कॅबिनचा तळ कुजलेला. काम सुरू केल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीचे, दोन स्टड (डोकं नसलेले बोल्ट) मोडले. ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा) बसवला तरी चाकं सुटत नाहीत. आता गाडी पूर्ण उघडून नव्याने बांधावी की भंगारात द्यावी?

आज यातलं काहीच ठरवू नका. घरी हाती घेतलेल्या जुन्या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक वेळा सगळी गाडी एकदम उघडल्यामुळे. कॅबिन एका कोपऱ्यात, हौदा दुसरीकडे, नट-बोल्ट डब्यांत मिसळलेले, आणि चार महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला ते कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच भाग घ्या, तो पूर्ण करा, मगच पुढचा उघडा. तुमच्या गाडीला क्रम असा: कागद आणि चेसिस, ब्रेक, इंजिन मोकळं करणं, डिझेलची लाइन, वायरिंग, आणि पत्रा-रंग सगळ्यात शेवटी.

पैसे घालण्याआधी तीन गोष्टी बघा. आरसी तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर आहे का आणि नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे आधी पाहा. मग चेसिस नंबर वाचता येतो का ते बघा. नंबराच्या जागी गंज असेल तर ग्राइंडर किंवा सँडपेपर अजिबात लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि पितळी ब्रश एवढंच वापरा. परिवहन कार्यालयात त्या नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो आणि घासून गेलेला नंबर संशयास्पद ठरतो. तिसरी गोष्ट म्हणजे चेसिसची हाडं. अर्ध्या किलोच्या हातोडीने दोन्ही लांब पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बोदा येतो आणि पापुद्रे गळतात. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, कॅबिनच्या मागच्या माउंटिंगखाली आणि क्रॉस मेंबर (दोन पट्ट्यांमधले आडवे तुळे) जोडलेल्या जागी जास्त वेळ द्या. देशावरच्या गाड्यांत काळी माती चेसिसच्या पोटात बसते आणि पावसाळा संपल्यावरही ओल धरून ठेवते, कोकणात खारी हवा वरूनच खाते. मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट मागच्या क्रॉस मेंबरवर गळत राहिलेलं असतं, तिथे नीट बघा. एक-दोन ठिकाणी भोकं असतील तर दुरुस्ती होते. दोन्ही पट्ट्या तीन-चार ठिकाणी गेल्या असतील, तरच भंगाराचा विचार करा.

आता हत्यारं. जुन्या महिंद्राचा वंश विलिस जीपचा, आणि या इंजिनाचा ट्रॅक्टरचा. बोअर 88.9 मिमी, स्ट्रोक 101.6 मिमी, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. साहजिकच गाडीत इंची आणि मेट्रिक दोन्ही बोल्ट भेटतात. अर्धा इंचाच्या डोक्याला, म्हणजे 12.7 मिमीला, 13 चा पाना लावला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टावर जोर पडताच कोपरे गोल होतात. तीन चतुर्थांश इंच म्हणजे 19.05 मिमी, तिथे 19 चा पाना चालतो. 7/16, 1/2, 9/16 आणि 11/16 इंचाला मात्र इंची पानेच हवेत. सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, बारा कोनी नको. आट्यांचंही तसंच आहे. 5/16 इंचाचा बोल्ट आणि 8 मिमीचा बोल्ट हातात सारखेच दिसतात, पण एकाला इंचात 24 आटे, दुसऱ्याचा पिच 1.25 मिमी. दोन फेऱ्या हाताने गेला, मग कडक झाला, तर पाना लावू नका. बोल्ट चुकीचा आहे.

चाकं काढतानाचा एक सापळा आत्ताच सांगतो. जुन्या जीपवंशी गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असू शकतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ ठोकलेला दिसला तर नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे न बघता पान्याला पाइप लावून उलटा जोर दिला की स्टड तुटतात.

गाडी उचलल्यावर लोखंडी घोड्यांवरच (जॅक स्टँडवर) ठेवा, घोड्या चेसिस किंवा ॲक्सलखाली लावा आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळे) लावा. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक कधीही नकोत. ब्लॉक इशारा न देता एकदम फुटतो. मऊ जमीन असेल तर घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट.

जाम चाकं आणि तुमचा मास्टर सिलिंडर

मास्टर बदलूनही चाकं सुटत नाहीत, याचा अर्थ दोष बहुधा मास्टरमध्ये नव्हताच. आधी हे ठरवा की चाक तेलाच्या दाबाने धरलंय की यंत्राने. मागचं चाक उचला आणि व्हील सिलिंडरची हवा काढायची निपल अर्धा फेरा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं तर लाइनमध्ये दाब अडकलेला आहे. काहीच फरक पडला नाही तर ड्रमच्या आतच काहीतरी धरलंय.

दाब अडकला असेल तर निपल बंद करा, पेडल दोनदा दाबा आणि चाक पुन्हा धरू द्या. आता चेसिसवर, रबरी होजच्या अलीकडे, जिथे लोखंडी नळी होजला जोडते तो नट सैल करा. चाक सुटलं तर दोष पुढे मास्टरकडे आहे. पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याला, म्हणजे पुशरॉडला, मोकळा खेळ नाही, त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल परतीचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. नवा मास्टर बसवताना जुन्या पुशरॉडची लांबी तशीच ठेवली की नेमकं हेच होतं. पेडलच्या टोकाशी 10 मिमीच्या आसपास मोकळा खेळ मिळेपर्यंत पुशरॉड आखूड करा. नट सैल करूनही चाक सुटलं नाही तर होज आतून सुजलेला आहे. पायाच्या जोराने तेल त्यातून पुढे जातं, पण परत येताना आतला रबराचा पापुद्रा झडपेसारखा बंद होतो. मागच्या ॲक्सलला चेसिसवरून एकच होज येतो, म्हणून दोन्ही चाकं एकदम धरतात. तुमच्या वर्णनावरून मी पहिला संशय यावरच घेईन. होज बाहेरून चांगला दिसला तरी बदला, आणि पुढचेही त्याच वेळी बदलून टाका.

यंत्राने धरलं असेल तर ब्रेकच्या बुटांवरचे लाइनर गंजाने ड्रमला चिकटलेले असतात. ॲडजस्टर पूर्ण सैल करा. हँडब्रेकची केबल मागच्या चाकांत जात असेल तर ती टोकाला सोडवा. एक किलोच्या हातोड्याने ड्रमच्या सपाट तोंडावर, स्टडच्या मधल्या जागेत, फिरवत फिरवत ठोका. कडेवर नको, बीड चिरते. ड्रमच्या तोंडाला आटे मारलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून दोन्ही सारखे, पाव-पाव फेरा आवळा. ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरच्या आत नख अडकेल असा खड्डा दिसला तर घासून किट टाकण्यात वेळ घालवू नका. सिलिंडर स्वस्त आहे, आणि घासलेला दोन-तीन महिन्यांत पुन्हा गळतो. ब्रेकच्या नळ्या 3/16 इंचाच्या स्टीलच्याच घ्या, टोक दुहेरी दुमडलेलं हवं. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी असते, पण कंपनाने कडक होऊन तडकते. ब्रेकसाठी ती वापरूच नये. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याआधी चारही ॲडजस्टर नीट लावा. नाहीतर पेडल खोल जातं, माणूस हवा समजून लिटरभर तेल वाया घालवतो आणि दोष ब्रेकच्या बुटांच्या अंतरात असतो.

मोडलेले स्टड

जिथे बोल्ट जोराने मागे येत नाही तिथे उष्णता आणि वेळ द्यायचा, पाइप नाही. गंजलेला बोल्ट सोडवण्याआधी किंचित आवळा. आवळताना गंजाचा थर मोडतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. मग पाव फेरा सोडा, तेल टाका, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. एकाच दिशेने ओढत राहिलं की गंजाची भुकटी आट्यांत साचते आणि बोल्ट पिळला जातो. पाना स्प्रिंगसारखा लवचिक लागायला लागला, म्हणजे बोल्ट फिरत नसून पिळतोय. तिथेच थांबा.

मॅनिफोल्डचे मोडलेले स्टड बाहेर थोडे तरी उरले असतील तर त्यावर नट ठेवा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरून तो स्टडला जोडा. मिग वेल्डर यासाठी उत्तम. लाली गेली की मेणबत्तीचं मेण बुडाशी टेकवा, ते वितळून आट्यांत ओढलं जातं. पूर्ण थंड होण्याआधी सावकाश मागे-पुढे करत काढा. वेल्डिंगची उष्णता स्टडला फुगवते, थंड होताना तो आकसतो आणि गंजाची पकड सुटते. पहिला नट तुटला तर दुसरा लावा, तीन-चार वेळा करावं लागणं नेहमीचंच आहे.

स्टड हेडच्या पातळीत मोडला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारा, आधी 3 मिमी, मग 5, मग 6.5 मिमीचं ड्रिल. मध्य चुकला की ड्रिल हेडच्या बिडात घुसतं, म्हणून पंच मारायला दहा मिनिटं लागली तरी लावा. बोल्ट काढायचा तो निमुळता उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मी शक्यतो टाळायला सांगेन. तो अतिशय कडक आणि ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला शिवतसुद्धा नाही आणि मग हेड उतरवून टर्नरकडे न्यावं लागतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं गुंडाळं) बसवा, ते मूळ आट्यांपेक्षा दुबळं नसतं. नवे स्टड बसवताना तांब्याचं अँटिसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, आणि मॅनिफोल्ड पुन्हा बसवण्याआधी त्याचं तोंड सपाट आहे का ते पोलादी पट्टीने बघा. वाकडं तोंड आवळलं की नवे स्टडही जातात.

जाम इंजिन

सेल्फ मारू नका, ट्रॅक्टरने ओढू नका. सहा-सात वर्षं उभ्या इंजिनात ज्या सिलिंडरची व्हॉल्व्ह उघडी राहिली तिथे ओल शिरते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लाइनरला गंजाने चिकटतात. ओढून फिरवलं की रिंग तुटते किंवा पिस्टनची कड फुटते.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चारही नोझल काढा. कुठली कुठल्या सिलिंडरची ते लिहा. नोझलखालचा तांब्याचा वॉशर तिच्यासोबत आला का ते बघा. जुना वॉशर खाली चिकटून राहिला आणि त्यावर नवा टाकला तर नोझल वर उचलली जाते, फवारा पिस्टनमधल्या वाटीत नीट पडत नाही आणि गाडी कायम धूर मारते. हा दोष नंतर शोधायला फार वेळ खातो.

प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि डिझेल अर्धं-अर्धं मिसळून 50 ते 60 मिली टाका. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी असते, पहिलं 30 मिली तिथेच बसतं. त्याहून जास्त टाकलं तरच तेल कडेला रिंगांपर्यंत पोचतं. आठवडाभर तसंच राहू द्या, रोज थोडी भर घाला. मग पुढच्या पुलीच्या नटाला गोटी लावून दोन-अडीच फुटी दांड्याने हळूच मागे-पुढे करा. दोन-तीन अंश हललं तरी काम झालं. त्या दिवशी तिथेच थांबा, पुन्हा तेल टाका.

फिरायला लागलं की रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्हकडे बघत बघत हातानेच दोन पूर्ण फेरे द्या. एखादी व्हॉल्व्ह खाली गेली आणि वर आली नाही, तर ती गाइडमध्ये चिकटली आहे. तशीच फिरवली तर पिस्टन तिला येऊन धडकतो आणि पुशरॉड (ब्रेकचा नव्हे, व्हॉल्व्ह चालवणारा दांडा) वाकतो. त्या व्हॉल्व्हच्या दांडीवर तेल टाका, लाकडाच्या ठोकळ्याने हलकं टकटक करा. पुशरॉड काढून काचेवर लोळवले की वाकलेला लगेच कळतो. इंजिन दर वेळी एकाच जागी ठप्प अडत असेल तर जोर नको, आत काहीतरी आडवं आहे. दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर हेड उतरवा. त्याला इलाज नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखंही काही नाही. रिंगा फिरतात त्या भागात लाइनरला खड्डे असतील तर लाइनर-पिस्टन-रिंगचा संच लागेल. वरच्या कडेला, रिंगेच्या पलीकडे गंज असेल तर तो बारीक घासून पुढे जा.

नोझल बसवण्याआधी त्या भोकांवर फडकं टाकून, बाजूला उभं राहून सेल्फने इंजिन फिरवा. आतलं तेल फवाऱ्याने बाहेर येईल. ही पायरी वगळू नका. पिस्टन वर आल्यावर त्याच्यावर जेमतेम 40 मिलीच्या आसपास जागा उरते. त्याहून जास्त तेल आत राहिलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

नोझल मात्र घरी साफ करून परत लावू नका. पंप-नोझलवाल्याकडून उघडण्याचा दाब आणि फवारा तपासून घ्या. चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो.

डिझेलची लाइन आणि पहिला स्टार्ट

टाकी उतरवा. तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ असणारच. पाणी आणि डिझेल जिथे भेटतं तिथे जंतू वाढतात, तो गाळ त्यांचा. गरम पाणी आणि डिटर्जंट, मग मूठभर नट आत टाकून हलवणं, मग फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक, मग पूर्ण वाळवणं. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी कधीही नको. रिकामी डिझेलची टाकीही वाफेने फुटते. टाकीतली उचल नळी तपासा, तिला वरच्या बाजूला बारीक छिद्र पडलेलं असू शकतं. रबरी नळ्या सगळ्या नव्या, फिल्टर नवे.

आता नोझलना डिझेल देणाऱ्या पंपाचं बघा. बंद करायचा दांडा हाताने मागे-पुढे होतो का आणि सोडला की स्वतः परत येतो का? डिझेल किती जायचं ते ठरवणारी ओळीच्या पंपातली रॅक किंवा गोल रोटरी पंपातली मीटरिंग व्हॉल्व्ह जुन्या डिझेलच्या राळेने अडकलेली असू शकते. ती जास्त डिझेलच्या बाजूला अडकली असेल तर इंजिन सुरू होताच बेभान पळतं आणि चावी बंद करून थांबत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टला एअर फिल्टरची नळी काढून ठेवा. हवेच्या तोंडावर दाबून बसेल अशी जाड फळी घेऊन एक माणूस तिथेच उभा करा. हात किंवा फडकं चालणार नाही, दोन्ही आत ओढले जातात. दांडा अडकत असेल तर पंप आधी कॅलिब्रेशनला.

नवं 15डब्ल्यू-40 ऑइल आणि नवा फिल्टर टाका. दांडा बंद धरून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत पाच-सात सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारा. त्यानंतर हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. मग पंपावरचा. मग नोझलकडचे नट अर्धा-एक फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल टपकायला लागलं की एकेक आवळत जा. ईथरचा स्प्रे मारून सुरू करायचा मोह टाळा, थंड डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात तो अवेळी पेटतो आणि रिंगांवर आदळतो.

यापुढचा अडथळा जवळपास ठरलेला असतो. गाडी सुरू होते, एक-दोन मिनिटं छान चालते आणि बंद पडते. हातपंप मारला की पुन्हा तेच. लोक इथे पंप उतरवतात आणि हजारो रुपये जातात. हा पंपाचा दोष नसून, टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या टप्प्यात हवा ओढली जाते आहे. तिथे नळीत ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले तर मागे मागे सरकत जा: बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या वाटीचं रबर, होजची चिरलेली टोकं, टाकीतली उचल नळी. ती सगळी चांगली असतील तर फीड पंपाला बाटलीतून थेट डिझेल द्या. बाटलीवर गाडी नीट चालली तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये, हे पक्कं.

धूर बघून घाबरू नका. पहिली पंधरा मिनिटं पांढरा-निळा धूर सिलिंडरमध्ये उरलेल्या तेलाचा असतो. गरम झाल्यावरही पांढरा आणि डोळे झोंबवणारा राहिला तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशन, निळा राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील, रेस केल्यावर काळा तर हवा कमी किंवा नोझल. ऑइलचं झाकण उघडल्यावर फसफस वाफ येत असेल तर लगेच इंजिन बांधायला काढू नका. चिकटलेल्या रिंगा दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर बऱ्याचदा सुटतात. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा 3 बारहून जास्त खाली असेल तर त्याच्यातच हात घाला.

रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, बोअरच्या पाण्याचा क्षार नुसत्या पाण्याने निघत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो मानू नका. थंड चालणारं डिझेल इंजिन जास्त झिजतं आणि जास्त डिझेल पितं. कूलंट एक भाग, डिस्टिल्ड पाणी दोन भाग.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली आहे. पेडल लाकडाने दाबून दोन-चार दिवस ठेवा. न सुटल्यास इंजिन गरम करा, मोकळ्या रानात गाडी गिअरमध्ये टाकून सुरू करा आणि क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोड-दाब करा. त्याआधी ब्रेक पूर्ण चालू हवेत. म्हणून तर ते काम पहिलं.

वायरिंग, पत्रा, कागद

सेल्फ नुसता ‘टक्’ करत असेल तर सेल्फ काढायच्या आधी मीटर लावा. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. इंजिन, चेसिस आणि कॅबिन तिन्हीला वेगवेगळी अर्थिंगची पट्टी द्या, बुडाचा रंग खरवडून. उंदरांनी खाल्लेला हार्नेस (वायरींचा जुडगा) टेपने जोडत बसण्यापेक्षा नवा आणा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचे भाग अजून मिळतात, जाताना जुना भाग हातात घेऊन जा.

कॅबिनचा तळ कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवा आणि तिरका अँगल टाचून घ्या. हे केलं नाही तर तळ निघताच कॅबिन बसते आणि दारं कायमची लागत नाहीत. हा घरच्या कामातला सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे. 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिमीचा पत्रा, 0.8 मिमीची मिग वायर, 10-15 मिमीचे टाके, आणि प्रत्येक टाका आधीच्यापासून लांब, म्हणजे पत्रा पोळून वाकत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा. चेसिसच्या पट्टीवर ठिगळ लावताना प्लेट चौकोनी न कापता टोकं तिरकी ठेवा, आणि वरच्या-खालच्या पाखांवर आडवं वेल्डिंग नको. सरळ आडव्या रेषेवरच चेसिस पुढे तडकते. रेडऑक्साइड एकट्याने पाणी अडवत नाही, त्यामुळे इपॉक्सी प्रायमर घ्या. पुट्टी 2-3 मिमीच्या वर नको. रंगाचं काम जून ते सप्टेंबर हातात घेऊ नका.

खासगी नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. मालवाहू नोंद असेल तर आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतं. राज्यात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. दुसरं इंजिन बसवलं तर त्याचा नंबर आरसीवर चढवल्याशिवाय फिटनेसला जाऊ नका. पीयूसीत भारत स्टेज 4 पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप) आहे. चांगल्या नोझल, नवा एअर फिल्टर आणि नीट लावलेले टेपेट (व्हॉल्व्हचं अंतर) असले तर हे इंजिन त्यात बसतं.

रस्त्यावर काढण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदला. पहिल्या 50 किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि मॅनिफोल्ड पुन्हा आवळा, आणि चारही ड्रमला हात लावून बघा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागला तर वरची निपलची तपासणी त्या चाकावर पुन्हा करा. 500 किलोमीटरला इंजिन ऑइल आणि डिझेल फिल्टर दोन्ही बदला. टाकीतला उरलेला बारीक गाळ तोवर फिल्टरमध्ये आलेला असतो.